दुष्काळांतील उपकारस्मरण

पाऊस न पडल्यास उपकार कोणाचे व कसले मानावे, असें पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्यानें विचारलें, तर त्यास दोष देतां येत नाहीं. विहिरीचें पाणी टिकेल कीं नाहीं, मिरचीस भाव मिळेल कीं नाहीं, हें त्यास आधीं कळत नाहीं.

बंधुभगिनींनो, संकटास चांगलें म्हणणें ही कृतज्ञता नव्हे. सन १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील असंख्य स्त्रीपुरुषांनीं खडी फोडली, आणि सुकडी व परदेशांतून आलेला मिलो खाऊन दिवस काढले. दुष्काळ हा उपकार नव्हता. आपल्या वांट्याची सुकडी शेजारच्या लेंकरास देणें हा मात्र खरा उपकार होता.

तसेंच, उपकार मानणाऱ्यानें हक्काची मजुरी मागूं नये, असेंही नाहीं. गरिबांस काम मागण्याचा हक्क १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें दिला. तो हक्क बजावणें म्हणजे कृतघ्नता नव्हे.

म्हणून रोज निजण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकानें आज कोणाच्या हातून काय मिळालें, तें नांव घेऊन सांगावें: कोणीं घागरभर पाणी दिलें, कोणीं उसनें बियाणें दिलें. आणि उद्यां त्याची फेड करावी. देणाऱ्यास गरज नसेल, तर दुसऱ्या गरजवंतास तरी द्यावें.