खेळाचे परीक्षण आणि परीक्षकाचा अधिकार

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे परीक्षण म्हणजे नेमके कशाचे परीक्षण, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. विकत मिळते ते नियमांचे पुस्तक. खेळ मात्र चार-पाच माणसे टेबलाभोवती बसून बोलू लागली की घडतो आणि ती उठली की संपतो. अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांच्या मते (‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’, १९६८) स्वरलिपीतील प्रत्येक स्वर पाळला तरच ते त्या रचनेचे सादरीकरण ठरते. रोलप्लेइंग गेमला ही कसोटी लागू पडत नाही. नियमपुस्तकात संवाद नसतात, प्रसंग क्वचितच असतात. असतात त्या बोलण्याच्या अटी.

ॲव्हरी ऑल्डर यांच्या ‘द क्वाएट इयर’मध्ये (२०१३) हे स्पष्ट दिसते. एका वस्तीचे एक वर्ष खेळाडू मिळून नकाशावर रेखाटतात. पत्त्यांचे प्रत्येक पान म्हणजे एक आठवडा. एखाद्याचा निर्णय खटकला तरी तिथल्या तिथे वाद घालता येत नाही. आपल्याला विचारले नाही असे वाटले, तर तिरस्काराची एक सोंगटी उचलून समोर ठेवायची. वाचताना हा नियम किरकोळ वाटतो. खेळताना सोंगट्या साठत जातात, आणि न बोललेला राग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. नुसते पुस्तक वाचून लिहिलेल्या परीक्षणात हे उतरणे कठीण.

भरताच्या नाट्यविचारात आस्वाद घेणारा प्रेक्षक नटाहून वेगळा असतो. येथे जो खेळतो तोच पाहतो. म्हणून साक्ष खेळाडूंनीच द्यायची, आणि ती प्रत्येक गटाची निराळी असणार. एका अधिकारी समीक्षकाच्या निकालाने येथे भागत नाही. अनेक परीक्षणे शेजारी ठेवल्यावरच खेळाचे रूप कळू लागते.

१९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला अशा साक्षींची वानवा नाही. एकट्याने लिहून, स्वतःच प्रसिद्ध केलेल्या खेळांचे तसे नाही. जून २०२० मध्ये ‘इच’ या विक्रीमंचावर वांशिक न्यायासाठी निघालेल्या संचात किमान ५ डॉलरांत १,७०० हून अधिक कृती मिळत होत्या, त्यांत असे अनेक खेळ होते. निधी ८० लाख डॉलरांपलीकडे गेला. पण संचातून हाती आलेला खेळ कोणी खेळला नाही, त्यावर लिहिले नाही, तर तो अनोळखीच राहतो.

डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ मध्ये अभिरुचीवर लिहिताना खऱ्या परीक्षकाकडून सराव, तुलना आणि पूर्वग्रहांपासून मुक्तता अपेक्षिली. अपेक्षा रास्त आहे; तिच्या धाकाने नवखे गप्प बसतात, हे मात्र मोठे नुकसान. मुरलेला खेळाडू नियमांतल्या गाळलेल्या जागा सवयीने भरून काढतो. पुस्तक खरोखर खेळायला शिकवते का, हे नवख्यालाच कळते. पूर्वग्रहाची अडचण अधिक खरी आहे: या छोट्या वर्तुळात लेखक आणि परीक्षक बरेचदा ओळखीचे असतात, आणि टीका गिळली जाते. ही ओळख, बैठकींची संख्या, बदललेले नियम हे सारे परीक्षणातच नोंदवले, तर त्या साक्षीचे वजन वाचक स्वतः करू शकतो.

टिम हचिंग्ज यांच्या ‘थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर’सारख्या एकट्याने खेळायच्या खेळात तर दुसरा साक्षीदारच नसतो. पिशाच्चाच्या आठवणी खेळाडू लिहितो आणि नव्यांना जागा करण्यासाठी जुन्या खोडतो. त्या खोडण्याने मनावर काय परिणाम होतो, हे त्याने लिहिले तरच इतरांना कळते.