एका सवालाची उधारी

"टीचर, इसका कुसूर क्या है?"

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या उर्दू शाळेची सहल औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयात गेली होती. वाघाच्या पिंजऱ्यापुढे चिक्कार गर्दी, आणि वाघ झोपलेला. तो उठावा म्हणून आमच्याच एका मुलाने खडा मारला. सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने हा सवाल केला. "चलो बेटा, देर हो रही है," म्हणत मी तिला पुढे नेले.

सवाल मात्र माझ्याबरोबर घरी आला. जुलैत, शाळा सुटल्यावर, पावसात मी एकटीच पुन्हा तिथे गेले. फुगेवाले नव्हते, मुलांचा कलकलाट नव्हता. सहलीच्या गर्दीत जे पाहिले नव्हते ते त्या दिवशी पाहिले. वाघ भिंतीपासून जाळीपर्यंत यायचा, वळायचा, पुन्हा भिंतीकडे जायचा. तीच पावले, तेच वळण. मी अर्धा तास उभी होते. तो थांबला नाही.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही, म्हणून तिला अजाब झाला. या वाघाला तर मांस मिळते, दवापाणी मिळते. मग आपण सुटलो का? "दार उघडा" म्हणणे सोपे आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाला शिकार शिकवणारी आई मिळालेली नसते आणि माणसाची भीती उरलेली नसते. तो रानात जगणार कसा?

दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा मंडळींनी एक किस्सा लिहिला. १८१० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजच्या मौलवी इक्राम अली यांनी तो उर्दूत आणला. त्यात जनावरे जिन्नांच्या बादशहापुढे माणसावर फिर्याद करतात. अक्कल, सूरत, कारागिरी असे माणसाचे एकेक दाखले ती खोडून काढतात. शेवटी माणसाच्या बाजूने टिकतो तो एकच मुद्दा, आखिरतचा. पण आखिरत म्हटली की हिशोब आलाच.

मोकळे सोडता येत नसेल, तर कोंडणाऱ्याचे देणे वाढते. ऐसपैस जागा द्यावी, निव्वळ नुमाइशीसाठी नवी पिल्ले वाढवू नयेत. प्राण्यांना डिवचणे आपल्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे. हे देणे फक्त संग्रहालय चालवणाऱ्यांचे नाही. वाघ आपल्यासाठी कोंडलेला आहे. तिकीट काढले की आपणही त्यात सामील होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावले. "उसका कोई कुसूर नहीं था, बेटा. उस दिन मुझे हँसना नहीं था."

ती म्हणाली, "तो फिर बंद क्यों है, टीचर?"

माझ्याकडे अर्धेच उत्तर होते. तेवढे दिले.