बिल्ददचे वचन आपल्या भिंतीवर

आपल्या ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर, नव्या दुकानाच्या पाटीखाली, कधी लग्नपत्रिकेच्या माथ्यावरही एक वचन हमखास दिसते. आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचे. खाली बारीक अक्षरांत ‘ईयोब ८:७’. ज्यांनी ते मोठ्या आवडीने फ्रेम करून लावले, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण हे वाक्य देवाचे नाही आणि ईयोबाचेही नाही. ते बिल्दद शूहीचे आहे. ज्याचे सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी घर कोसळून मेल्या, त्या बापासमोर बसून बिल्दद बोलतो आहे. फ्रेममधल्या वचनाच्या थोडे आधी, चौथ्या ओवीत, तो काय सुचवतो? तुझ्या मुलांनी पाप केले, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केले. त्यानंतर अट येते: तू स्वतः शुद्ध आणि सरळ असशील तर देव तुझ्यासाठी उठेल. आणि मग ते मोठ्या शेवटाचे आश्वासन.

आपण आश्वासन कापून घेतले आणि मेलेल्या लेकरांवरचा आरोप पुस्तकात ठेवून दिला. पवित्र शास्त्र वाचण्याची आपली जी रीत होऊन बसली आहे, तिच्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते या एका उदाहरणात जवळजवळ सगळे आहे.

या रीतीला इतिहास आहे. बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टनच्या नावावर सांगितले जातात. नव्या कराराच्या वचनांना आज आपण वापरतो ते आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ साली जिनिव्हात छापलेल्या ग्रीक प्रतीत दिले. १५६०च्या इंग्रजी जिनिव्हा बायबलात प्रत्येक वचन स्वतंत्र ओळीवर आले. शोधायला, शिकवायला, वाद घालायला ही मोठीच सोय होती आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. पण ज्या वाक्याला स्वतःचा आकडा आणि स्वतःची ओळ मिळते ते एकटे उभे राहू शकते असे वाटू लागते. त्याच जिनिव्हात, त्याच दशकात, १५५४-५५ मध्ये जॉन कॅल्व्हिनने ईयोबाच्या पुस्तकावर १५९ प्रवचने दिली. पहिल्या अध्यायापासून बेचाळिसाव्यापर्यंत, ओळीने, काहीही न गाळता. कॅल्व्हिनच्या अनेक निष्कर्षांशी माझे जमत नाही, पण त्या चिकाटीपुढे मी नम्र होतो. एकाच गावात बायबल तुकड्यांत उचलण्याची सोयही तयार झाली आणि ते सलग ऐकण्याची शिस्तही जगली. आपल्या मंडळ्यांच्या वाट्याला मुख्यतः सोय आली. नववर्षाच्या उपासनेत ताटातून वचनाची चिठ्ठी उचलायची, ती वर्षभर बायबलात ठेवायची, आणि ज्या पुस्तकातून ती आली ते पुस्तक उघडायचेच नाही, असे कितीतरी घरांत होते.

ईयोबाचे पुस्तक मात्र चिठ्ठीत मावत नाही. त्याची रचनाच तशी आहे. पहिले दोन अध्याय गोष्ट सांगतात, शेवटचा अध्याय ती संपवतो, आणि मधे सुमारे चाळीस अध्याय नुसते वादाचे आहेत. आपल्या उपदेशांत ईयोब येतो तो बहुधा पहिल्या दोन अध्यायांतला, सोशिक ईयोब. याकोबाच्या पत्रानेही त्याच्या सहनशीलतेची आठवण ठेवली आहे. पण तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो, आणि पुढे एकतिसाव्या अध्यायापर्यंत गप्प बसत नाही. देवाने आपल्याला निष्कारण चिरडले, आपल्याला त्याच्याशी न्यायालयात उभे राहायचे आहे, असे तो म्हणत राहतो. त्याला उत्तर देणारे अलीफज, बिल्दद आणि सोफर ही काही दुष्ट माणसे नाहीत. मित्राचे दुःख ऐकून ती लांबून आलेली आहेत, आणि त्यांचे म्हणणे शास्त्राबाहेरचेही नाही. आज्ञा पाळाल तर आशीर्वाद आणि मोडाल तर शाप, हे अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. नीतिसूत्रांची पानेच्या पाने हाच धडा देतात. मित्र पाठ केलेला धडाच म्हणत आहेत.

प्रश्न असा की हा धडा ईयोबाला लागू होत नाही, आणि तो लागू झालाच पाहिजे असा त्यांचा हट्ट आहे. बाविसाव्या अध्यायात या हट्टाचे टोक दिसते. अलीफज ईयोबाचे गुन्हे मोजू लागतो: तू उघड्याचे वस्त्र काढून घेतलेस, भुकेल्याला भाकर नाकारलीस, विधवांना रिकाम्या हाताने घालवलेस. यातले काहीही घडलेले नाही. वाचकाला पहिल्याच ओळीत सांगितलेले आहे की ईयोब सात्त्विक आणि सरळ होता. पण सिद्धांत टिकवायचा तर गुन्हा हवा, म्हणून अलीफज तो रचतो. देवाची बाजू मांडण्यासाठी तो माणसावर खोटा आळ घेतो. धर्मशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा असे मला वाटते.

आणि मग बेचाळिसाव्या अध्यायात देव निकाल देतो. अलीफजाला तो सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ज्याने देवाला जाब विचारला त्याचे बोलणे यथार्थ ठरले. ज्यांनी देवाचे समर्थन केले त्यांचे नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मंडळीतले जाणते वडील विचारतात: पाळकसाहेब, संपूर्ण शास्त्र देवप्रेरित आहे असे तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात लिहिले आहे. मग यातले हे वाक्य देवाचे आणि ते बिल्ददचे, असे निवडणारे आपण कोण? या प्रश्नाची टर उडवू नये. ज्यांनी आयुष्यभर हे पुस्तक उशाशी ठेवले त्यांचा तो प्रश्न आहे. माझे उत्तर असे की हे निवडणारे आपण नव्हेच, पुस्तकच आपल्याला ते सांगते. ईयोबाचे सगळे पुस्तक प्रेरित आहे, म्हणूनच बेचाळिसाव्या अध्यायातला तो निकालही प्रेरित आहे, आणि तो आठव्या अध्यायावर लागू आहे. बिल्ददचे वाक्य निकालापासून तोडून भिंतीवर लावणारा माणूसच पुस्तकातून निवड करत असतो.

गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि ती लपवणे बरे नव्हे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल शास्त्राचा दाखला म्हणून जे एक वाक्य घेतो, शहाण्यांना देव त्यांच्याच धूर्तपणात पकडतो या आशयाचे, ते अलीफजाचे आहे. म्हणजे मित्रांचे प्रत्येक वाक्य असत्य होते असेही नाही. करिंथच्या गर्विष्ठ, ज्ञानाची घमेंड मिरवणाऱ्या मंडळीला ते वाक्य बरोबर लागू पडते. राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या माणसाला ते लावणे हा अन्याय होता. कोण बोलले, कोणाला, कोणत्या घडीला, हे विचारणे म्हणजे वचनावर संशय घेणे नव्हे. ते विचारल्याशिवाय वचन काय म्हणते हेच कळत नाही.

शब्द अचूक असूनही वापर खोटा असू शकतो याचा सर्वांत मोठा पुरावा शुभवर्तमानातच आहे. अरण्यातल्या परीक्षेत सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभा करतो आणि एक्क्याण्णवावे स्तोत्र सांगतो: देवदूत तुला हातांवर झेलतील. स्तोत्रात तसे आहेच. येशू त्या स्तोत्राला नाकारत नाही. तो अनुवादातले दुसरे वचन पुढे ठेवतो, देवाची परीक्षा पाहू नये या अर्थाचे. शास्त्रासमोर शास्त्र उभे करून तो वाचतो. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या घराघरांत हेच एक्क्याण्णवावे स्तोत्र रोज म्हटले गेले, मरीपासून राखण्याचे त्यात आश्वासन आहे म्हणून. त्याने पुष्कळांना धीर दिला, हे खरे आहे. पण ज्या घरात रोज स्तोत्र म्हणूनही मयत झाली, तिथे काही जण कुजबुजले की त्यांचा विश्वास कमी पडला असणार. अलीफज आणि बिल्दद त्या घरांपर्यंत पोचले होते.

म्हणून मी एक भेद करतो. दुखणेकरी बाई रात्री झोप येत नाही म्हणून एकच वचन घोळवत पडून राहते, तिला अक्षरओळखही नसते, ते वचन तिने कधीतरी उपासनेत ऐकलेले असते. तिला संदर्भ शिकवायला जाणारा पाळक अडाणी म्हटला पाहिजे. दुःखी माणसाने स्वतःसाठी उचललेले वचन हे त्याचे आणि देवाचे बोलणे आहे. पण तेच वचन धडधाकट माणूस खाटेशेजारी उभे राहून तिच्यावर लादतो, तेव्हा त्याने आधी ते कुठून आणले हे सांगावे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले कल्याणाच्या योजनांचे वचन असेच सगळीकडे वाटले जाते. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या ओळीत सत्तर वर्षांची मुदत आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. ते वचन त्यांच्या नातवंडांचे होते. हे ठाऊक असूनही ते वाचता येते, आणि मला वाटते त्यानेच जास्त बळ येते.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना तर हा प्रश्न सोडून चालणारच नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले. पुढच्या काळात, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दुष्काळांच्या आगेमागे, जी कुटुंबे या जिल्ह्यात ख्रिस्ती झाली त्यांतली फार मोठी संख्या महार आणि मांग समाजांतली होती. गावगाड्याने त्यांना पिढ्यानपिढ्या सांगितले होते की तुमचा जन्म हे तुमच्याच मागच्या कर्माचे फळ आहे. चोखोबांच्या अभंगांत ही समजूतही येते आणि तिच्याखाली चिरडलेल्या माणसाची विठ्ठलाकडे केलेली तक्रारही येते. आमच्या पणजोबा-पणजीने वेशीबाहेरून मंडळीत पाऊल टाकले तेव्हा जे ओझे उतरले त्यात हा आरोपही होता. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी होते ही समजूतही तो फेटाळतो. ज्यांच्या पूर्वजांनी हे दोन अध्याय ऐकून मान वर केली, त्यांच्याच मंडळीत आज कॅन्सरच्या रुग्णाला ‘घरात काही पाप राहिले आहे का ते पाहा’ असे सांगितले जात असेल, तर गावगाडा आपण नव्या नावाने मंडळीत आणला आहे.

पेरूची राजधानी लिमा इथल्या गरीब वस्तीत काम केलेल्या गुस्ताव्हो गुतिएरेझ या धर्मगुरूने १९८६ साली ईयोबावर एक पुस्तक लिहिले. त्याचा प्रश्न सरळ आहे: निरपराध माणूस दुःख भोगत असताना देवाविषयी कोणत्या भाषेत बोलायचे? त्याच्या मते ईयोब वादाच्या ओघात आपल्या दुःखातून बाहेर पाहू लागतो आणि इतर गरिबांचे दुःख त्याला दिसू लागते. चोविसावा अध्याय काढून पाहा. शेताच्या हद्दी सरकवणारे, विधवेचा बैल गहाण घेणारे, द्राक्षकुंडात राबूनही तहानलेले मजूर, सगळे तिथे आहेत. आपल्या भागातल्या ऊसतोडीच्या फडात हा अध्याय वाचला तर अर्थ सांगायला पाळक लागणार नाही.

देवाशी असे भांडणे मराठी कानाला परके नाही. तुकोबांनी दुष्काळात घर उद्ध्वस्त होताना विठ्ठलाला कमी सुनावलेले नाही. नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून भक्तीची गोडी आली, भजन-कीर्तन आले. देवाला जाब विचारण्याचा हक्क मात्र आपण पलीकडेच ठेवून आलो असे वाटते. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. रविवारच्या उपासनेत ते कधी ऐकलेत का? जे आपण मोठ्याने वाचत नाही ते दुःखी माणसाला बोलायची परवानगी मिळत नाही.

पंडिता रमाबाईंची या संदर्भात मला आठवण होते. आईवडील आणि बहीण दुष्काळी वर्षांत गेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. केडगावला मुक्ती मिशनच्या व्यापातून वेळ काढून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत उतरवले आणि १९२२ साली, मृत्यूपूर्वी, ते काम पुरे केले. भाषांतर करणाऱ्याला आवडती वचने निवडता येत नाहीत. त्याला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही लिहावे लागते आणि बिल्ददचा चौथ्या ओवीतला आरोपही. बायबलशी इतके प्रामाणिक राहिलेली बाई आपल्या मातीत होऊन गेली आणि आपण चिठ्ठ्यांवर समाधान मानतो, हे मला लागते.

ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात अजून एक गोष्ट आहे आणि ती पाळकांना उद्देशून असावी असे मला वाटते. देव मित्रांना नुसते रागावून सोडत नाही. सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, मी त्याचे ऐकेन, असे तो सांगतो. त्या वेळी ईयोबाची गुरे परत आलेली नाहीत, नवी मुले झालेली नाहीत. पालट होतो तो प्रार्थना केल्यावर. ज्याला पापी ठरवले त्याच माणसाच्या प्रार्थनेवर उपदेशकांची सुटका ठेवलेली आहे. आपल्याकडे पाळक दुखणेकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो आणि निघतो. मी आता निघण्यापूर्वी दुखणेकऱ्याला विनंती करतो की त्याने मंडळीसाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना करावी. पुष्कळजण आधी चमकतात, मग करतात. त्या प्रार्थनांत तक्रार असते, देवाला विचारलेले प्रश्न असतात, कधी मंडळीवरचा रागही असतो, आणि मी त्या प्रत्येकीला आमेन म्हणतो.