आजारी यहूदी शेजारी आणि आपलें दान

कोंकणांत अलिबाग, रेवदंडा ह्या बाजूस बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहूदी शेजारी, राहतात. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ इस्राएल देशास गेले, तरी कांहीं घरें आहेत. अशा घरीं कोणी अत्यवस्थ असतां साह्य करावें, ह्याविषयीं वाद नाहीं. सभास्थानाचा अधिकारी याईर पायां पडला, तेव्हां प्रभु अट न घालतां त्याच्या घरीं गेला. प्रश्न हा कीं, साह्य करितांना आपला धर्म पुढें करावा काय?

प्रियहो, ज्याचें लेंकरूं तापानें फणफणत आहे त्याला 'नको' म्हणण्याची मोकळीक नसते. त्या वेळीं पैशाबरोबर अट दिली तर तें दान नव्हे, सौदा होय.

ह्या बाबतींत यहूदी शास्त्रीच आपले गुरु होवोत. आजाऱ्याच्या समाचारास ते 'बिक्कूर होलीम' म्हणतात. भेटणारा दुःखाचा साठावा भाग हरण करितो, असें ते शिकवितात. १२ व्या शतकांतील मैमोनिदीस ह्यानें दानाच्या ८ पायऱ्या सांगितल्या. देणारा व घेणारा एकमेकांस ओळखीत नाहींत असें दान त्यानें वरून दुसरें ठेविलें.

म्हणून रात्रीं उशाशीं बसा, औषधाचा खर्च गुपचूप द्या. त्यांच्या खाण्याचे नियम आहेत, यास्तव विचारून अन्न न्या. प्रार्थना आपल्या खोलींत करा; त्यांनीं बोलाविल्यास स्तोत्र वाचा, तीं उभयतांचीं आहेत.

ही साक्ष लपविणें आहे काय? नव्हे. बरा झालेला शेजारी स्वतः विचारील, तेव्हां आनंदानें सांगा. न विचारील, तरी प्रीति व्यर्थ गेली नाहीं.