क्षमेनंतरची भरपाई

पापाची क्षमा झाली, म्हणजे त्याचे परिणामही पुसले गेले काय? या प्रश्नाचे उत्तर मातीत सापडते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचा ईशान्य भाग अल्प पावसाचा, मुळात आखूड गवताच्या माळांचा. धान्यासाठी तेथे नांगर फिरला, मातीला धरून ठेवणारी मुळे तुटली आणि १९३० नंतरच्या अवर्षणात ती माती धुळीची वादळे होऊन उडाली. अनेकांनी शेती सोडली. त्या जमिनीवर हळूहळू पुन्हा गवत आले. सुमारे ५० वर्षांनी शास्त्रज्ञांनी ती तपासली. रोपांना लवकर अन्न पुरविणारा सेंद्रिय अंश भरून आला होता. परंतु शतकानुशतकांचा एकूण साठा कधीही न नांगरलेल्या माळाच्या मानाने अजून उणाच होता.

प्रायश्चित्त संस्कारही आपल्याला हेच शिकवितो. क्षमा हे परमेश्वराचे दान आहे, भरपाई हे आपले कर्तव्य. चोरलेले परत करावे लागते; ज्याची अब्रू घेतली, त्याची अब्रू सावरावी लागते.

१९८५ च्या कायद्यानुसार अमेरिकन सरकार शेतजमीन गवताखाली ठेवणाऱ्यांना मोबदला देते. करार १० ते १५ वर्षांचा असतो. तो संपताच नांगर परतला, तर साठलेलेही पुन्हा हरवू लागते. मात्र दोष एकट्या शेतकऱ्याला कसा द्यावा? त्यालाही घर चालवायचे असते. त्या जमिनीची भाकरी सर्वांनी खाल्ली. भरपाईचा भारही सर्वांनीच उचलावा.

लेवीयच्या पुस्तकात जमीन परमेश्वराची म्हटली आहे. तिची भरपाई पूर्ण झालेली कदाचित आपली नातवंडे पाहतील. तरीही आरंभ आपणच करावयाचा आहे.