सही कोणी करायची?

मोठीमायला आता घरातल्या कुणाचंच नाव आठवत नाही. मिश्रीची डबी मात्र आठवते. डबी आम्ही केव्हाच फेकली, तरी तिचा हात अजून त्या कोनाड्याकडे जातो. हिरडीवर जखम दिसली, तुकडा तपासायला गेला आणि कर्करोग निघाला. जबड्याचं हाड काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. अहमदपूरजवळच्या आमच्या घरात वाद पेटला तो लातूरला न्यायचं की नांदेडला, यावर. शस्त्रक्रिया करावी का, हे कुणाच्या तोंडून आलंच नाही.

यामागे आपल्या भागाचं जुनं दुखणं आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालय १९६६ साली सुरू झालं, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय १९८२ मध्ये. त्याआधी असा आजार म्हणजे मुंबईचं टाटा, आणि ते किती जणांना जमणार? २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात नांदेड होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने राज्यभर आहे. पैशाअभावी माणूस गमावलेल्या घरांना, उपचार परवडत असताना नाही म्हणणं पाप वाटतं. ते मला समजतं. पण पूर्वी गरिबी जो निर्णय घ्यायची, तो आता आपल्यालाच घ्यायचा आहे.

माणूस वेदना सोसतो ती बरं होण्याच्या आशेवर. मोठीमायला ही आशा सकाळी सांगितली तर दुपारपर्यंत टिकत नाही. शस्त्रक्रियेनंतर नाकात घातलेली नळी कशासाठी आहे, हे तिला कळणार नाही. गेल्या वर्षी तापात सलाईन लावलं, तर तिने सुई तीनदा उपसली आणि रात्रभर मेलेल्या आईला हाका मारल्या. शेवटी हात खाटेला बांधावे लागले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला भ्रम होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि कित्येकांची उरलीसुरली समज परत येत नाही.

तरीही ‘वय झालं, डोकंही गेलं, आता कशाला’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. स्तनातली लहान गाठ असती तर मी शस्त्रक्रियेला हो म्हटलं असतं. तसल्या काही गाठी नुसत्या हार्मोनच्या गोळ्यांनीही बराच काळ आटोक्यात राहतात. आतडं बंद पडलं, तर शस्त्रक्रियेनेच जिवाचे हाल थांबू शकतात. तोंडातली जखम सोडून दिली की चिघळते, गिळणं बंद करते. म्हणून नकार द्यायचा तर मॉर्फिनच्या गोळ्या, रोजचं ड्रेसिंग, झेपले तर किरणोपचाराचे थोडे शेक, हे आधी ठरलेलं हवं. मॉर्फिनबाबतचा कायदा २०१४ मध्ये सुटसुटीत झाला आहे. डॉक्टरांकडे ते मागायला संकोच नको.

आमच्याकडे सर्वांत मोठा आवाज पुण्याहून फोनवर येत होता. पण मोठीमायला तीन वर्षं भरवते ती वहिनी. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तोंडाला अनोळखी हात लागला की त्या ओठ घट्ट मिटून घेतात. माझ्या हातून अजून खातात.” मोठीमायचं म्हणणं याहून स्पष्ट कसं मिळणार होतं?

आम्ही शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली नाही. गोळी वेळेवर दिली जाते, आणि मोठीमाय वहिनीच्या हातून अजून वाटीभर पातळ पेज घेते.