प्रमाद, अहिंसा आणि घरातली वायरिंग

कुणाला इजा करण्याचा हेतू नसताना केवळ निष्काळजीपणामुळे जीव गेला, तर ती हिंसा ठरते का? आणि जीव गेलाच नाही, नशिबाने निभावले, तर दोष उरतो का? जैन तत्त्वज्ञानाने या दोन्ही प्रश्नांना थेट उत्तर दिले आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार आणखी पुढे जाते. जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच. जपून वागणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला, तर केवळ त्या मृत्यूमुळे तो दोषी ठरत नाही. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केली. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक होते.

हा विचार फक्त मुनींच्या आचारापुरता नाही. घरात सेंट्रल एसी बसवताना त्याची कसोटी लागते. आउटडोअर युनिटच्या पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग जोडले नाही, तरी एसी तितकाच गार करतो. पुढे कधी फेजच्या वायरचे आवरण झिजून ती बॉडीला टेकली, की २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतात. अर्थिंग असेल तर प्रवाहाला जमिनीकडे सोपी वाट मिळते आणि एमसीबी किंवा आरसीसीबी हा सुरक्षा स्विच आपोआप पडतो. नसेल तर काहीच कळत नाही. पावसाळ्यात ओल्या पायांनी कुणी युनिटला हात लावला की मगच कळते. म्हणजे काम नीट झाले की नाही हे गारव्यावरून ठरत नाही. परिणाम बरा दिसतो म्हणून कर्म निर्दोष मानता येत नाही, हे प्रवचनसाराचे म्हणणे इथे तंतोतंत लागू पडते.

सावधपणासाठी जैन आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतली आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी नीट पाहून घ्यायला सांगते. वायरमनच्या कामाचा क्रम याच शिस्तीचा आहे. आधी मेन स्विच बंद करायचा आणि दुसरे कुणी तो चालू करणार नाही अशी व्यवस्था करायची. मग मल्टीमीटरने वीज खरोखर गेली आहे का ते तपासायचे. निऑन टेस्टरवर विसंबायचे नाही. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो, म्हणून तो उतरवल्याशिवाय टर्मिनलला हात लावायचा नाही. वायरची जाडी आणि एमसीबीचे रेटिंग युनिटवरच्या नेमप्लेटप्रमाणे घ्यायचे. आउटडोअर युनिटजवळ, डोळ्यांसमोर राहील असा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, बसवायचा. टर्मिनलचा प्रत्येक स्क्रू आवळून झाला की वायर हलकेच ओढून पाहायची, कारण सैल जोड तापतो आणि आग तिथूनच लागते.

चालू करतानाही घाई नको. कॉम्प्रेसरला ऑइल हीटर असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ तो आधी चालू ठेवावा लागतो. थंड तेलात गॅस विरघळलेला असतो. तसेच चालू केले तर तेलाला फेस येऊन बेअरिंग कोरडी पडतात. थ्री फेज युनिटमध्ये फेजचा क्रम तपासायचा. एसी सुरू झाल्यावर क्लॅम्प मीटरने करंट मोजून नेमप्लेटशी ताडून पाहायचा.

दोष कुणाचा, हा पुढचा प्रश्न. तत्त्वार्थसूत्रात कृत, कारित आणि अनुमत असे कर्माचे तीन प्रकार आहेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि संमती दिलेले. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून मिस्त्रीने तो बायपास केला, तर ते कृत. ‘एवढा बायपास करून द्या, पुढचं पुढं बघू’ असे घरमालक म्हणाला, तर ते कारित. शेजारी उभे राहून कुणी मान डोलावली, तर ते अनुमत. कायदा जबाबदारी नेमून देतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे असे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत व्हावे लागते. पण भिंतीआडचा प्रत्येक जोड निरीक्षक पाहू शकत नाही. तिथे उरते ती करणाऱ्याची आणि करवणाऱ्याची सावधता.

यावर आक्षेप असा, की विजेचा वापर म्हटला की थोडा धोका आलाच. मग गृहस्थाने अहिंसा पाळायची कशी? जैन श्रावकाचाराने हे ओळखले आहे. घरकामातली आरंभी आणि व्यवसायातली उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे त्याला मान्य आहे. मात्र समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्या, म्हणजे निष्कारण आणि बेफिकीर कृती, त्याज्य मानली आहे. अर्थिंग वगळणे ही अपरिहार्य हिंसा नव्हे; थोडा वेळ आणि थोडे पैसे खर्चून ती टळते.

टाळता येणाऱ्या प्रमादाचे आणखी एक उदाहरण पुराचे. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरात कोल्हापुरातील अनेक घरांत पाणी शिरले. पाण्यात राहिलेले युनिट नुसते वाळवून बटण दाबणे हाही प्रमादच. इन्सुलेशन, जोड आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय वीज जोडू नये. ज्यांच्या घरी अहिंसेला मान आहे, त्यांनी एसी सुरू करण्याआधी अर्थिंगची तपासणी समोर उभे राहून करून घ्यावी.